दोन मात्रा सोडून

आणे गावच्या पठारावर वारा थांबत नाही. टेम्पोचा बॅनर चारी कोपऱ्यांना बांधावा लागतो.

बंद पडलेल्या एटीएम कार्डातून गिटार छेडायचे तीन पिक निघतात. चौथा काढायला गेलं की कडा तिरकी येते.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आज सगळ्या एकाच बाजूला वळल्यात.

अफिफा, माझी बहीण, म्हणते: तू जेवतानाही बोटं उचलतेस.

पाच सोळात बसत नाही.

"रेकॉर्ड म्हंजे रेकॉर्ड."

हे शेवटचं भगवंतभाऊंचं. पिंपळवंडीची बेंजो पार्टी त्यांची, बेंजो त्यांचा, टेम्पोही त्यांचा. गिटार माझी. आण्याच्या यात्रेत मिरवणुकीला वाजवायचं होतं आणि टेम्पोत चढतानाच त्यांनी मला अडवलं.

"इफरा, आज झाडू मारायचा न्हाई. मारलास तर लीड गेलं तुझं. उद्यापास्नं कॅसिओवाला. बोललोय मी त्याला."

"ऐकलं."

"ऐकलं म्हंजे हो का?"

"ऐकलं म्हणजे ऐकलं, भाऊ."

झाडू म्हणजे काय ते सांगते. एकाच ओढीत पिक पाच तारांवरून खाली न्यायचा. प्रत्येक तारेवर थांबायचं नाही, फक्त पडायचं, एका तारेवरून दुसरीवर. डाव्या हाताचं बोट स्वर वाजला की लगेच ढिलं करायचं, नाहीतर पाचही स्वरांचा चिखल होतो. इंग्रजीत त्याला स्वीप म्हणतात. भाऊ झाडू म्हणतात, आणि ते शिवी दिल्यासारखं म्हणतात.

भाऊ बेंजोवर गाण्याची एक ओळ वाजवतात. मग सोळा मात्रा माझ्या. मग पुढची ओळ. त्या सोळा मात्रांत रेकॉर्डवर जे आहे तेच यायला हवं, कारण नाचणाऱ्यांच्या तोंडात ते असतं. एक स्वर इकडचा तिकडे झाला तर लोक स्पीकरकडे बघतात, बिघडला की काय म्हणून.

भाऊ चूक नव्हते, हे आधीच सांगून टाकते. गेल्या तीन सुपाऱ्यांत मी झाडू मारला आणि तीनही वेळा पडले. व्हिडिओत बघून पाच स्वरांची एक ओढ बसवली होती, लई वेगात. समेवर सुरू करायची, तिहाईसारखी तीनदा मारायची. पाच त्रिक पंधरा. पंधराव्या मात्रेवर मी संपलेली, सम दोन मात्रा लांब, आणि मध्ये मी नुसती उभी. ओतूरच्या लग्नात नवरदेवाचा मामा ओरडला होता, "बाई, करंट गेला का?"

ढोलकीवर धर्माजीबाबा असतात. तमाशाच्या फडात वीस वर्षं काढून आलेले. आळेफाट्याला टेम्पो चहाला थांबला, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमी तिहाई समेवर सुरू करत न्हाई. समेवर सपवतो."

"म्हणजे?"

"म्हंजे उशिरा निघ की. घाई कुणाला हाय? दोन सोड."

"दोन मात्रा गप्प उभी राहू?"

"लोकास्नी वाटू दे इसरली म्हून."

मी बशीवर नखानं मोजलं. दोन रिकाम्या. पाच. पाच. पाच. शेवटचा स्वर नेमका समेवर. परत मोजलं. चहा गार झाला.

आणं. भर दुपार. गुलालानं तारा खरखरीत झालेल्या. शेजारच्या मांडवात आमटीच्या कढया उकळत होत्या आणि डोक्यावर भाकरीची टोपली घेतलेल्या बाया टेम्पोच्या बाजूनं चाललेल्या. पहिल्या ओळीनंतर मी रेकॉर्ड वाजवलं. दुसरीनंतरही. भाऊ मान डोलवत होते.

तिसरीनंतर वाजवलं नाही.

एक.

दोन.

नाचणारे थांबले. भाऊंनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायलाही दोन मात्रा पुरल्या नाहीत.

खाली ओढलं, पाच. तळव्यानं तारा दाबल्या आणि त्याच वाटेनं वर आले, पाच, ठक ठक ठक, हलगीसारखे कोरडे. तिसऱ्यांदा पूर्ण ओढ मारलीच नाही. तिसऱ्या तारेवर मोडली, तिथूनच मागे फिरले, आणि शेवटचा स्वर ताणून धरला तिथं धर्माजीबाबांची थाप पडली. एकत्र. एकच आवाज.

व्हिडिओत हे नव्हतं. कुठेच नव्हतं.

मग भाकरीच्या टोपलीवाल्या एक बाई, नंतर कळलं त्यांचं नाव बायडाबाई, टेम्पोला हात लावून ओरडल्या, "ए पोरी! ते मगाचं परत वाजीव!"

पुढच्या सोळांत मी दुसरंच वाजवलं. त्याच्या पुढच्या सोळांत तिसरं. एकदा चुकले, चांगलीच चुकले, आणि तरी थांबले नाही. नाचणारे आता त्या दोन रिकाम्या मात्रांची वाट बघत होते. तिथं हात वर नेऊन थांबायचे आणि समेला खाली आणायचे.

मिरवणूक संपल्यावर भाऊ घाम पुसत आले.

"बरं झालं. आता ते पहिलं व्हतं ना, तेच बसव. उद्या मंचरला तसंच्या तसं पाहिजे."

"तसंच्या तसं येणार नाही."

"का? इसरलीस?"

"आठवतंय. पण नाही वाजवणार."

"मग कॅसिओवाल्याला फोन लावू?"

"लावा. पण माझ्या गिटारची वायर मी काढणार नाही, भाऊ. तुम्हीच काढा. इथं, यांच्यासमोर."

बायडाबाई अजून टेम्पोपाशीच होत्या. त्यांच्याबरोबर दहाबारा जणी. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या वायरीकडे पाहिलं आणि धर्माजीबाबांना म्हणाले, "तुमीच पढवलं हिला."

"म्या कुटं? म्या च्या पीत व्हतो."

दुसऱ्या दिवशी मंचरला मी तीन मात्रा सोडल्या. शेवटची ओढ चारच स्वरांची घेतली. कॅसिओवाला आला नव्हता.

आदल्या वर्षीच्या यात्रेत, याच टेम्पोवर, भाऊंनी मला वायर न जोडलेली गिटार गळ्यात घालून नुसतं शोभेला उभं केलं होतं.