मूळचा पट्टा

गार्थ व्हँडरमोलनची गाडी दरवर्षी मैदानावर ढकलत आणली जाते. मागून एका बाजूला गार्थ, दुसऱ्या बाजूला त्याची बायको डोरीन, दोघांच्या हातांत पांढरे सुती हातमोजे. सत्तर सालची नारिंगी मसल कार, बॉनेटखाली चारशे घोड्यांचं इंजिन, आणि तिला ढकलतात गुडघे दुखणारी दोन म्हातारी माणसं. बघणारे टाळ्या वाजवतात. मला आधी हसू येतं आणि मग किळस येते.

मी या गाड्यांचा परीक्षक आहे. त्याआधी डेट्रॉइटच्या एका कारखान्यात अशाच गाड्या जोडायचो. आमच्या मिशिगनमध्ये उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या जत्रेच्या मैदानावर हे प्रदर्शन भरतं. कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी गाडी जशी होती, हुबेहूब तशी ज्याची असेल त्याला सोनेरी बिल्ला. नुसती चकचकीत असून भागत नाही. आम्ही जिथे घाण करून ठेवली होती, तिथे घाणच लागते. डिकीच्या कडेखाली रंगाचा ओघळ हवा, कारण सोमवारी आमच्या रंगाऱ्यांचे हात रविवारच्या बिअरने थरथरत असत. गार्थने तो ओघळ काढायला इंडियानाहून खास माणूस बोलावला होता. पहिला ओघळ फार सुबक आला म्हणून पुसून पुन्हा काढायला लावला. दारूड्याची थरथर विकत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. म्हणजे पाहिलेत, सगळे याच मैदानावर.

मागच्या वर्षी त्याचा बिल्ला थोडक्यात हुकला. इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा नवा होता, त्यावर त्या काळचा नंबर नव्हता, आणि माझा जोडीदार क्लिफ्टन रॅडमेकर याने गुण कापले. वर्षभर गार्थ जेवला असेल नसेल, पण पट्टा शोधत राहिला. अखेर ओहायोतल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर त्याला सापडला, कागदी वेष्टणात, कधीच न वापरलेला. रबर पन्नास वर्षं जुनं, पण नंबर बरोबर. तोच लावून तो यंदा आला होता.

क्लिफ्टन यायचा होता. डोरीन घडीच्या खुर्चीवर बसून हॉटडॉग खात होती, गाडीपासून लांब. मोहरीच्या चटणीचा थेंब उडेल म्हणून गार्थने तिची खुर्ची तिथे नेऊन ठेवली होती.

"ऑर्विल, यंदा मिळेल ना रे बिल्ला?" तिने मला विचारलं.

"तुला काय करायचाय बिल्ला?"

"त्याने शब्द दिलाय. बिल्ला मिळाला की याच गाडीतून मला लडिंग्टनला नेणार, बहिणीकडे. सरोवराच्या काठाकाठाने, काचा खाली करून."

"आजवर बसलीस का कधी तिच्यात?"

"बसते कसली. सीटवर कारखान्याचं प्लास्टिक आहे. एकदा आत वाकून बघत होते तर म्हणतो, डोरीन, श्वास बाहेर सोड."

ती हसली. मग हॉटडॉगचा कागद नीट घडी करून खिशात ठेवत म्हणाली, "बहिणीला कळवलंय मी. आज येतोय म्हणून."

क्लिफ्टन आला. कमरेला टॉर्च, हातात दांडीवरचा छोटा आरसा, गळ्यात चष्मा. हा माणूस आयुष्यभर विमा विकत होता. कारखाना त्याने बसमधून पाहिला असेल तर असेल. पण कुठल्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका हवा हे तो झोपेत सांगेल, आणि लग्नातही सांगतो. तो पाठीवर झोपून गाडीखाली शिरला.

"कारखान्यातल्या तपासनिसाची खडूची खूण आहे," खालून आवाज आला. "गिचमिड आहे. छान."

"महिनाभर सराव केला मी," गार्थ म्हणाला. "डाव्या हाताने काढलीय."

"ओघळही छान आहे."

मग दोघं उघड्या बॉनेटखाली वाकले. क्लिफ्टनने पट्ट्यावर टॉर्च मारली, नंबर वाचला, आणि देवळात बोलावं तसा हळू म्हणाला, "गार्थ, हा खरा आहे."

गार्थचे डोळे भरून आले. पोरीच्या लग्नात हा माणूस पार्किंग बघायला बाहेर गेला होता.

राहिली शेवटची परीक्षा. इंजिन सुरू व्हायला हवं आणि गाडी स्वतःच्या जोरावर एक गाडीभर अंतर पुढे सरकायला हवी. गार्थ माझ्याकडे वळला.

"ऑर्विल, नुसती किल्ली फिरवली तर नाही का चालणार?"

"नाही."

"अरे, पट्टा जुना आहे."

"मग नवा लाव."

"नवा लावला तर गुण जातील."

"जातील की. तो पट्टा पंखा फिरवायला असतो, गार्थ. वाचायला नसतो."

त्याने क्लिफ्टनकडे पाहिलं. क्लिफ्टन म्हणाला, "जो तपासला तोच लावून चालवायची. नियम आहे."

गार्थने बूट काढले, प्लास्टिकवर अलगद बसला आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदम पेटलं. आवाज खरंच सुंदर होता, ते कबूल करायला हवं. दोन श्वास घ्यावे एवढा वेळ तो टिकला. मग फटकन पट्टा तुटला. त्याचा एक तुकडा बॉनेटला आतून सणसणीत बसला, दुसरा पाण्याच्या नळीत गेला. नळीही अर्थात त्याच काळातली. ती फाटली आणि हिरवं पाणी त्या खडूच्या खुणेवर, क्लिफ्टनच्या चष्म्यावर उडालं.

गार्थने इंजिन बंद केलं. मला वाटलं, संपलं. डोरीन खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

क्लिफ्टन गवतात रांगत होता. पट्ट्याचा तुकडा उचलून त्याने सदऱ्याला पुसला.

"नंबर शाबूत आहे," तो म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पट्टा तपासताना अखंड होता. इंजिन सुरू झालं, आपण ऐकलं. पट्ट्याशिवायही ते मिनिटभर चालतं. एक गाडीभर सरकली की झालं."

"अरे, पाणी वाहतंय तिचं."

"गळतीला गुण कापायचे असं कुठे लिहिलंय? दाखव."

मी कापले. त्याने परीक्षकांच्या प्रमुखाकडे जाऊन परत मिळवले. गार्थ पुन्हा बसला, गाडी भांडं घासल्यासारखा आवाज करत एक गाडीभर सरकली आणि मागे हिरवी रेघ सोडून थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गार्थ व्हँडरमोलनला सोनेरी बिल्ला मिळाला.

डबी त्याने डोरीनकडे धरायला दिली, कारण त्याचे हात ओले होते. ती डबी घेऊन उभी राहिली.

"मोठ्या रस्त्यावर स्पेअरचं दुकान आहे," ती म्हणाली. "पट्टा आणि नळी मी आणते. चार वाजेपर्यंत निघू."

"कुठे?"

"लडिंग्टनला."

गार्थने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने बिल्ला तळून खाऊ म्हटलं. "हिच्यातून? डोरीन, ती आता सोनेरी आहे. वेडी आहेस का? बॉनेटचा आतला रंग उडालाय, तो करायचाय. आणि लागोपाठ तीन वर्षं सोनेरी मिळाला ना, तर कायमचा बिल्ला देतात. क्लिफ्टनला विचार."

"देतात," क्लिफ्टन म्हणाला.

"आणि मग?" डोरीनने विचारलं.

"मग बघू ना," गार्थ म्हणाला, आणि क्लिफ्टनचा आरसा मागून घेऊन गाडीखाली शिरला.

डोरीन त्या बाहेर आलेल्या मोजेवाल्या पायांकडे थोडा वेळ बघत राहिली. डबी घडीच्या खुर्चीवर ठेवली आणि मैदानाच्या टोकाला गेली, जिथे त्यांचा ट्रक आणि त्याच्यामागे गाडी लादून आणायचा रिकामा ट्रेलर उभा होता. ट्रेलर जोडणं-सोडणं आजवर तिचंच काम, कारण गार्थच्या हातांना ग्रीस लागून चालत नाही. तिने चाकांना लाकडी ठोकळे लावले, हूक सोडला, साखळ्या काढल्या, आणि ट्रकमध्ये बसून काचा खाली केल्या. फाटकाशी मला हात केला. मीही केला.

गार्थ गाडीखालून निघाला तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं. त्याने खुर्चीवरची डबी पाहिली, मग ट्रेलर पाहिला, मग ट्रेलरच्या पुढची रिकामी जागा पाहिली.

"ऑर्विल," शेवटी तो म्हणाला, "तुझा ट्रक आहे ना? हिला घरी न्यायला हवी."

"आहे की," मी म्हणालो. "पण माझ्या हुकाचा बोल्ट मूळचा नाही. तुझ्या गाडीला शोभायचा नाही."

मी निघालो. माझ्या ट्रकच्या आरशात पाहिलं तर तो ट्रेलरकडे गेलाच नव्हता. खुर्चीवर बसून त्या पट्ट्याचे तुकडे एकमेकांना जुळतात का ते बघत होता.