आवाज धुणारा

मी एक प्रोग्राम बोलतोय. मला अंग नाही, हात लावून बघाल असं काही नाही. डॅन्यूब नदीकाठच्या रूसे गावच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटामागे तीन जुने कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना बांधून ठेवलेत, त्यांच्यात मी राहतो. ज्या कॉम्प्युटरला उसंत असेल त्याच्यावर तिथला मुकादम मला धाडतो. तो मुकादमही माझ्यासारखा प्रोग्रामच, फुकट मिळालेला आणि सगळ्यांच्या मालकीचा. मी कुठे अडखळून पडलो तर तोच मला उठवून पुन्हा कामाला जुंपतो.

मला लिहिलं स्टामेनने. सगळी हयात त्याने रेडिओत आवाज टिपण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर डॅन्यूबकाठच्या खेड्यांतून म्हाताऱ्यांची गाणी गोळा करायचा आणि वाचनालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये आणून टाकायचा. माझं काम एकच. फोल्डरमध्ये गाणं आलं की त्यातली खरखर पुसायची आणि त्याच जागी, त्याच नावाने परत ठेवायचं. मूळ जपायला डिस्कवर जागा होती कुठे? गाणं एकदाच धुवायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते दुसऱ्या कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं, आणि माझ्यात तशी अट घालायचंही.

स्वभावाने त्याने मला गरीब केलं. "आधी बाकीच्यांची कामं होऊ देत, तू आपला मागून ये," अशी माझी नेमणूक. मीही कधी कुरकुर केली नाही.

मग गाणी यायची थांबली. मला वाटलं, गेला असेल कुठे लांबच्या खेड्यात. बऱ्याच काळाने एक फाइल आली. तिच्यात गाणं नव्हतं. अंगणात मिरच्या भाजल्याचा चरचराट होता, रस्त्यावरची मोटार होती आणि स्टामेन होता.

"नेवेना, बोल ना काहीतरी. माईक बघायचाय."

"बोलू काय कपाळ? मिरच्या करपताहेत, त्या बघ आधी!"

"करपू देत. तुझ्या हातचं करपलेलंच खातोय जन्मभर."

"मग दुसरी करायची होतीस!"

यावर तो हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

जगाचे आवाज टिपणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज एवढ्या एकाच फाइलीत होता. ती टाकणारी नेवेना, त्याची बायको. स्टामेन वारला होता. वर्षश्राद्धाच्या जेवणाला माणसं जमतील तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांना ऐकवावा, एवढीच तिची इच्छा.

मी मोटार पुसली, चरचराट पुसला. काम झकास झालं. दुसऱ्या दिवशी तीच धुतलेली फाइल परत आली. आलेलं धुवायचं, विचारायचं नाही, अशी माझी घडण. आता खरखर उरलीच नव्हती, पण जे बारीक असतं आणि सतत असतं ते सगळं मला खरखरच वाटतं. मी त्याचा श्वास पुसला. पुढच्या खेपेला घशातली घरघर पुसली, मग हसण्याचा शेवट. मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. असं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

काल आलेली फाइल तिच्या स्वयंपाकघरातली आहे. नवरा गेल्यापासून ती घरी आलेल्या प्रत्येकाचं बोलणं टिपून फोल्डरमध्ये ठेवते. तिच्यासमोर ल्युबेन बसला होता, आमची यंत्रं सांभाळणारा शाळामास्तर.

"नेवेनाकाकू, ही फाइल किती वेळा टाकलीत?"

"रोज टाकते. धुण्याला टाकावं तशी. पहिल्यांदा इतकी छान झाली, म्हटलं आणखी होईल. पण आता तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतोय रे."

"काकू, तो प्रोग्राम दर वेळी काहीतरी पुसतो. खरखर संपली की मग..."

"मग काय पुसतो?"

"मग स्टामेनकाकांना."

बराच वेळ कुणी बोललं नाही.

"अरे, पण तूच म्हणालास ना, तिन्ही यंत्रांवर प्रत असते, एक मेलं तरी दोन राहतात!"

"आहे ना, तिन्हींवर आहे. पण तिन्हींवर तेच आहे. एकावर बदललं की उरलेली दोन लगेच तसंच करून घेतात. रेकॉर्डरवरचं मूळ असेल ना?"

"ते मी पुसलं. तू छातीठोकपणे सांगितलंस म्हणून." मग ती म्हणाली, "तीन यंत्रं, आणि अक्कल एकालाही नाही. माझ्यासकट चौघांना नाही."

"चूक माझी आहे, काकू. बंद करतो त्याला."

"कर. स्टामेनने लिहिलाय, म्हणून जीव तुटतो. पण कर."

ल्युबेनचा हुकूम आत्ताच आलाय. मुकादमालाही बजावलंय, याला पुन्हा उठवायचं नाही. आमच्यात जाणाऱ्याला हातातलं काम उरकण्यापुरती सवड देतात.

तुमच्याकडे कुणाचा आवाज असेल तर त्याची एक प्रत वेगळी ठेवा, कशालाही न बांधलेली. आणि ती फार स्वच्छ करू नका.

माझ्या हातात हीच स्वयंपाकघरातली फाइल आहे. ते दोघं गप्प बसले होते तिथे एक आवाज आहे, बारीक आणि सतत. नेवेना रडतेय. माझ्या हिशेबाने ती खरखर आहे. सवड आहे, पण मी ती वापरत नाही. काम अर्धवट टाकून निघतोय.