बाराच शिड्या

दादाला जाऊन चार महिने झाले आणि मी फळ्यावरचा बाराचा आकडा पुसला. खोटं कशाला बोलू, पुसताना बरं वाटलं.

आमचा लाकडी शिड्यांचा कारखाना. वीस वर्षं रोज बारा शिड्या, तेरावी कधी नाही. प्रत्येक शिडीच्या वरच्या पायरीवर दादा स्वतः चढायचा आणि धप्पकन पाय आपटायचा. मगच ती शिडी बाहेर जायची. बाराच का, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि त्याच्या कपाळावरची आठी बघून कोणी विचारलंही नाही. एकदा धंद्यातल्या भागीदाराने त्याला तोंडघशी पाडलं होतं, तेव्हापासून तो कोणावर विसंबायचा नाही. मी त्याला मनातल्या मनात घाबरट म्हणायचे.

माझं उलटं. मला नाही म्हणताच येत नाही. रंगकामाच्या ठेकेदाराने दहा दिवसांत दोनशे शिड्या मागितल्या, मी हो म्हणून मोकळी झाले. जुनी गिऱ्हाइकं सटकली होती, ही ऑर्डर गेली असती तर दहा माणसांना घरी पाठवावं लागलं असतं. फळ्यावर वीस लिहिलं. पाय आपटायचं खूळ बंद केलं.

आई कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहते. गुडघ्यांमुळे तीन वर्षांत ती जिना उतरलेली नाही. पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाली, "आज बारा झाल्या."

"काय बारा?"

"अगं, शिड्या. ठोके ऐकले ना, नेहमीचे."

अंगावर सर्रकन काटा आला. खाली कोणीही पाय आपटला नव्हता. म्हातारपण म्हणून सोडून दिलं, पण ती रोज तेच म्हणायची.

दहाव्या दिवशी दुपारी दोनशे शिड्या बनल्या त्या क्रमाने दारात उभ्या होत्या, ट्रक सकाळी येणार होता. आई म्हणाली, "एकशेवीस झाल्या. त्या ऐंशी का गं ठेवल्या त्याने?"

ऑर्डर किती शिड्यांची, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

मला संताप आला. मेल्यावरही पिच्छा सोडत नाही म्हणजे काय! तरातरा खाली गेले, त्या दिवशीची तेरावी शिडी ओढली, चढले आणि आपटला पाय. काही झालं नाही. चौदावी, पंधरावी, तीही ठणठणीत. "बघ!" मी मोठ्याने ओरडले. सोळाव्या शिडीची पायरी कडाडली आणि मी खाली.

मनगट मोडलं. कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींनी मला उठवलं, मग तुटलेली पायरी हाताने चाचपली. लाकूड आतून ओलं होतं.

"ताई, सुकवायच्या खोलीत दिवसाला बारा शिड्यांचंच लाकूड मावतं," ते म्हणाले. "वरच्या आठांचं आम्ही तसंच ओलं वापरत होतो. तुम्ही घाईत होता, आम्ही गप्प बसलो."

तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर रंगाचा डबा धरलेला कोणाचा तरी मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला. मला तिथेच रडू फुटलं.

सकाळी एकशेवीस शिड्या गेल्या. ठेकेदार वाट्टेल ते बोलला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी नाही म्हटलं होतं. त्याने पुन्हा फोन केला नाही. तीन माणसांना घरी पाठवावं लागलं, त्यांच्याकडे मला अजून बघवत नाही.

फळ्यावर आता बारा आहे आणि खाली कारणही लिहिलंय, सगळ्यांना वाचता येईल असं. प्लास्टर निघाल्यापासून प्रत्येक शिडीवर मी चढते. माझं वजन दादापेक्षा कमी, म्हणून पाठीवर वाळूचं पोतं घेते. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

काल जेवताना ती हसली. "आजचा बारावा ठोका अगदी त्याचा होता बघ. जड."

मी मान हलवली. काल मी अकराच शिड्यांवर चढले होते. बारावी तपासायची राहून गेली होती.