पेद्रूची खोड

“हात दाखव त्याला, हात. थांबेल तो,” ओट्यावरच्या खुर्चीतून बेसिल ओरडले.

पार्सल घेऊन आलेल्या माणसाने इमानाने उजवा हात पुढे धरला, चौकातल्या हवालदारासारखा. पेद्रू क्षणभर थबकलासुद्धा. मग या हाताचीच तो सकाळपासून वाट बघत असावा तसे त्याचे डोळे चमकले आणि त्याचे दोन्ही पंजे त्या माणसाच्या छातीवर आले. पार्सल अळूच्या वाफ्यात गेलं, टोपी चिखलात पडली आणि पेद्रू त्याच्या हाताखाली डोकं खुपसून शेपटी हलवत उभा राहिला.

“चावत नाही तो,” बेसिल म्हणाले.

“चावत नाय ते ठीक आहे, अंकल. पण उतरत पण नाय ना.”

शेवटी बेसिलनीच जाऊन पेद्रूला पट्ट्याला धरून खाली ओढलं, टोपी झटकून दिली आणि वर चार केळीही दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे बेसिलना तेव्हा कळलं नव्हतं.

बेसिल तुस्कानोंनी उभी हयात विजेचे मीटर वाचण्यात घालवली. आगाशीपासून नायगावपर्यंत ज्या अंगणात त्यांच्यामागे कुत्रं लागलं नाही असं अंगण सापडणं कठीण. त्यामुळे कुत्र्यांबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. पळायचं नाही, पाठ करायची नाही, आणि हात उगारायचा. हात उगारला की कुठलंही कुत्रं दोन पावलं मागे सरतं. हा नियम त्यांनी नोकरीत नवीन आलेल्या किती जणांना शिकवला असेल. आणि आता घरचंच कुत्रं असं निघालं होतं, की हात दिसला की दोन पावलं पुढे.

पेद्रू मिसरूड फुटण्याच्या वयातला होता. आई लॅब्रेडॉर, बाप आळीतला कोणीतरी. अंगात वारं भरलेलं. गॉडफ्रेचे, म्हणजे बेसिलच्या मुलाचे, इअरफोन त्याने चावून टाकले होते. सुनेच्या, प्रिन्सीच्या, चर्चला जायच्या चपलांपैकी डावी चप्पल केळीखाली पुरली होती. संताचं नाव कुत्र्याला ठेवू नये असं प्रिन्सी पहिल्यापासून म्हणत होती, त्याला आता जोर चढला होता. पण चपला नवीन घेता येतात. अंगावर उडी मारायची खोड मात्र घराला महागात पडायला लागली होती.

शनिवारी बोळिंजच्या टॉवरमधल्या जागृती मॅडम केळफूल न्यायला आल्या होत्या. बेसिलच्या नातीला, इझाबेलला, त्या गणित शिकवायच्या. पेद्रूने त्यांचंही स्वागत केलं, त्या ओट्याच्या पायरीवरून मागच्या मागे पडल्या आणि डाव्या मनगटाला प्लास्टर बसलं. प्रिन्सीनेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या रात्री जेवताना तिने निकाल सांगून टाकला.

“पप्पा, मला कुत्र्याचा राग नाही. पण पुढच्या शुक्रवारी मारियामातेची मूर्ती घरोघर फिरत आपल्याकडे येतेय. आळीतली सगळी म्हातारी माणसं येणार. एक जरी पडलं तरी मी तोंड कुठे दाखवू? उद्याच कॅल्विन टेम्पो घेऊन येईल. मी बोललेय त्याच्याशी.”

कॅल्विन तिचा भाऊ. नायगावला खाडीकाठी त्याचा विटा-रेतीचा डेपो होता. तिथली कुत्री दिवसभर साखळीला असतात, हे बेसिलनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजूबाजूला झाड नाही, माणूस नाही, नुसती धूळ. गॉडफ्रेने ताटातून डोकं वर काढलं नाही. इझाबेल हात न धुताच उठून गेली. 

“शुक्रवारपर्यंत मला दे,” ते म्हणाले. “हा सगळ्यांवर उडी मारत नाही. कोणावर मारतो, कोणावर नाही, ते बघू दे. काहीतरी कारण असणार.”

“कुत्र्याच्या उडीला कसलं कारण, पप्पा?”

“मीटर पळत असेल तर घरात कुठेतरी दिवा लागलेला असतो.”

प्रिन्सीने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बेसिल ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. दुसऱ्याच्या घरात डोकावायची त्यांची जुनी सवय, आता ती स्वतःच्याच घराला लागू झाली. त्यांना यात मजाही वाटू लागली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पार्सलवाल्याचं प्रकरण घडलं ते याच पहाऱ्यात. त्याच दिवशी अर्नाळ्याची जयवंती मासे घेऊन आली. डोक्यावर टोपली, ती सावरायला दोन्ही हात वर. पेद्रू तिच्या पायांभोवती दोन फेऱ्या मारून निमूट बाजूला बसला.

“तुझ्यावर कसा येत नाही गं हा?” बेसिलनी विचारलं.

“मना नाय कधी तरास दिला त्याने, बाबा. गरीब हाय बिचारा,” जयवंती म्हणाली. “आधी पानी द्या, मंग त्याची चवकशी करा.”

मासळीच्या वासाने शांत होत असेल, असा बेसिलनी तर्क केला. रात्री गॉडफ्रे कामावरून आल्याबरोबर त्यांनी त्याच्या हातात सुका बोंबील दिला आणि पेद्रूसमोर उभं केलं. पेद्रूने आधी उडी मारली, मग बोंबील खाल्ला, मग आणखी एक आहे का ते बघायला पुन्हा उडी मारली.

“डॅडी, माझ्या ऑफिसच्या शर्टावर प्रयोग करू नका,” गॉडफ्रे म्हणाला.

इझाबेलने मोबाइलमध्ये शोध घेतला. “आजोबा, यात लिहिलंय की या वयात त्यांच्यात खूप एनर्जी असते. फिरवून दमवायचं. आणि उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, त्यांना तो खेळ वाटतो. पाठ करून उभं राहायचं.”

पाठ करायची, हे ऐकून बेसिलना नोकरीत मागे लागलेली सगळी कुत्री आठवली. तरी त्यांनी ऐकलं. पहाटे दोघांनी पेद्रूला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेऊन भरपूर पळवलं. तो घरी येऊन मेल्यासारखा झोपला, जागा झाला आणि दारात आलेल्या पहिल्याच माणसाच्या छातीवर चढला. तो माणूस दूधवाला होता, आणि त्याने “नको, नको” म्हणत हात पुढे केला होता.

उलगडा झाला तो रोझरीच्या वेळी.

दिवेलागणीला आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, मेणबत्ती लावून रोझरी, जपमाळेची प्रार्थना, व्हायची. त्या दिवशी बेसिल खुर्चीत होते, प्रिन्सी आणि इझाबेल चटईवर आणि पेद्रू खुर्चीच्या पायाशी. एरवी मिनिटभर स्वस्थ न बसणारं हे जनावर सगळी रोझरी, लितानीची लांबलचक आळवणी संपेपर्यंत कान पाडून बसायचं. शेवटचा आमेन झाला. रोझरी झाली की धाकट्यांनी थोरांसमोर वाकून आशीर्वाद मागायचा आणि थोरांनी डोक्यावर हात ठेवायचा, ही घरातली जुनी रीत. “आशीर्वाद, पप्पा,” असं उठता उठता म्हणत प्रिन्सी स्वयंपाकघरात गेलीसुद्धा, गॅसवर डाळ होती. इझाबेलने मोबाइल उचलला. पेद्रू मात्र उठला, दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे बेसिलच्या मांडीवर ठेवले आणि डोकं खाली घातलं. बेसिलचा हात आपोआप पुढे झाला.

“देव बरं करो,” ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. हाताखाली खुपसलेलं हे डोकं त्यांनी नुकतंच कुठेतरी पाहिलं होतं. अळूच्या वाफ्याजवळ, पार्सलवाल्याच्या हाताखाली.

“इझाबेल, दारात जाऊन उभी राहा. हात मागे बांध.”

ती गेली. पेद्रू तिच्याजवळ गेला, तिला हुंगून परत आला.

“आता हात पुढे कर. त्याला थांबवतेस तसा.”

तिने हात पुढे केला आणि पेद्रू धावत जाऊन तिच्या अंगावर चढला. तिच्या तळव्याखाली डोकं सारलं आणि अगदी भक्तिभावाने डोळे मिटले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बेसिल मोठ्याने हसले. प्रिन्सी पळी घेऊन बाहेर आली, तिला त्यांनी सगळा प्रकार पुन्हा करून दाखवला.

“म्हणजे जो जो त्याला लांब ठेवायला हात पुढे करतो,” प्रिन्सी सावकाश म्हणाली.

“तो तो त्याला आशीर्वाद द्यायला बोलावतोय असं याला वाटतं. जयवंतीचे हात टोपलीला असतात, म्हणून तिच्यावर जात नाही.”

“आणि जागृती मॅडमनी दोन्ही हात पुढे केले होते.” प्रिन्सीला हसू आलं, मग तिने ते आवरलं. “शिकवलं कोणी हे त्याला?”

शिकवलं कोणीच नव्हतं. पेद्रू नारळाएवढा होता तेव्हा इझाबेलने एकदा गमतीने त्याला बेसिलसमोर धरलं होतं, “यालापण दे, आजोबा.” बेसिलनी दिला. दुसऱ्या दिवशी पिल्लू आपलं आपणच आलं. तेव्हा सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. गॉडफ्रेने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

“मग पप्पा,” प्रिन्सी म्हणाली, “सगळ्यात आधी तुम्हालाच हे बंद करायला लागेल. तुम्ही हात ठेवत राहिलात तर बाकीच्यांनी काही करून उपयोग नाही.”

“हो,” बेसिल म्हणाले.

बोलून गेले खरे, पण रात्री त्यांना ते जड जाऊ लागलं. लहानपणी याच खोलीत आशीर्वादासाठी रांग लागायची. बेसिल तेव्हा रांगेच्या शेवटी असायचे. आपला नंबर येईपर्यंत वडिलांचा हात दमणार तर नाही ना, अशी त्यांना धास्ती वाटायची. आता त्या खुर्चीत ते होते. गॉडफ्रे विरारला उतरून घरी पोचेपर्यंत रोझरी संपून जेवणं झालेली असत. प्रिन्सीला शाळेची नोकरी आणि घर, इझाबेलचं दहावीचं वर्ष. कोणाला दोष द्यावा असं काहीच नव्हतं. एक दिवसही न चुकवता येणारा पेद्रू एकटा होता, आणि बेसिल दुपारपासून त्याची वाट बघायचे. हे त्यांना आजवर स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांना त्याची लाज वाटली आणि वाईटही वाटलं.

नियम ठरले. पेद्रू उडी मारायला आला की घरातल्या प्रत्येकाने हात काखेत दाबायचे, तोंड फिरवायचं, एक शब्द बोलायचा नाही. चारी पाय जमिनीवर टेकून तो बसला, की भाकरीचा तुकडा, तोही हनुवटीखालून. डोक्यावर हात कोणीच ठेवायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी आमेन झाल्यावर पेद्रू मांडीवर चढला. बेसिलनी हात काखेत घातले आणि मान भिंतीकडे वळवली. पेद्रू थांबला, खाली उतरला, पुन्हा चढला. मग त्याने भुंकून पाहिलं, शर्टाची बाही ओढली, नाकाने काखेत ढोसून हात बाहेर काढायचा प्रयत्न केला. मग तो बारीक रडायला लागला.

“आजोबा, बघू नको त्याच्याकडे,” इझाबेल म्हणाली. तिचेच डोळे भरले होते.

“नाही बघत.”

दुसऱ्या दिवशी आणखी जास्त धिंगाणा झाला. पण नंतर एकदा, दमून म्हणा की कंटाळून म्हणा, पेद्रू बसला आणि त्याला भाकरी मिळाली. पोटाचं गणित त्याला चटकन कळायचं. मूर्ती यायच्या आदल्या दिवशी दूधवाल्याने सवयीने हात पुढे केला, तेव्हा पेद्रूचं अंग थरथरलं, पुढचे पाय किंचित उचलले गेले, आणि तो खाली बसला. प्रिन्सीने ते खिडकीतून पाहिलं. “उद्याचं उद्या बघू,” एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी गाणी म्हणत आळी मूर्ती घेऊन आली. ओटा भरला, अंगणात खुर्च्या लागल्या. प्लास्टर घातलेला हात सांभाळत जागृती मॅडमही आल्या आणि दाराशी बसल्या. पेद्रूला मागे वाडीत बांधून ठेवावं असं गॉडफ्रेचं मत होतं. तो त्या दिवशी सुट्टी काढून घरी थांबला होता.

“बांधला तर आज निभावेल,” बेसिल म्हणाले. “पण तो शिकला की नाही ते कळणार नाही. पट्टा तू धर.”

प्रिन्सीने सासऱ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

रोझरी झाली, लितानी झाली, शेवटचं गीत झालं. आणि मग जे होणार हे सगळ्यांना माहीत होतं ते झालं. मूर्ती घरात आलेली, सगळी आळी जमलेली, मग रीत कोण मोडणार? पोरंटोरं, सुना, जावई उठले आणि म्हाताऱ्यांसमोर वाकू लागले. ओटाभर हात पुढे झाले. इझाबेल वाकली, प्रिन्सी वाकली, पट्टा धरून गॉडफ्रेही बापासमोर वाकला. किती तरी दिवसांनी बेसिलनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते.

गॉडफ्रे सरळ झाला तेव्हा पट्टा त्याच्या हातातून सुटला होता. पेद्रू माणसांच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या चहूबाजूंना हात होते. त्याने या हाताकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं. जागृती मॅडमनी घाबरून चांगला हात पुढे केला. पेद्रू त्यांच्याजवळ गेला, त्यांच्यासमोर बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अरे, हा तर शहाणा झाला,” त्या म्हणाल्या.

मग तो तिथून उठून बेसिलच्या खुर्चीपाशी आला. बेसिलनी हात काखेत घातले. पेद्रू समोर बसला. चारी पाय जमिनीवर, पाठ ताठ, डोकं खाली घातलेलं. जसं शिकवलं होतं अगदी तसं, पण भाकरी नको असल्यासारखं. बेसिल भिंतीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या पायांशी हालचाल झाली. पेद्रू उठून दाराजवळच्या गोणपाटावर जाऊन आडवा झाला होता.

प्रिन्सी चहाचा ट्रे घेऊन मध्येच थांबली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“कॅल्विनला सांगते, येऊ नको म्हणून,” ती म्हणाली.

चहा झाला, चणे वाटले गेले, मूर्तीला नमस्कार करून माणसं पांगली. इझाबेलने पेद्रूच्या गळ्यात पडून त्याला हनुवटीखालून खाजवलं. अंगणात बेसिल एकटेच उभे होते.

“पप्पा,” प्रिन्सी दारातून म्हणाली, “आता सोडा की हात.”

बेसिलनी खाली पाहिलं. हात अजून काखेतच होते. त्यांनी ते बाहेर काढले, जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग एकेक खुर्ची उचलून दुसरीवर रचायला लागले.