पोटात दडवलेली उलुखा

मित्रांनो, मी एक जुनी कातडी होडी आहे. आमच्या बेटावर झाड उगवत नाही. म्हणून चागुलाकने लाटांनी किनाऱ्यावर टाकलेली लाकडे वेचून माझा सांगाडा बांधला. त्याच्या आईने, अनिगाने, समुद्रसिंहाच्या कातड्याने मला वरूनही शिवून बंद केले; फक्त एकाला बसण्यापुरते भोक ठेवले. आम्हा उनांगन लोकांत माझ्या वेगाचे फार कौतुक होई.

मग रशियन व्यापारी आले. त्यांना पाणमांजरांची कातडी हवी होती. शिकारी पळू नयेत म्हणून त्यांनी घरटी एक मूल ओलीस ठेवले. चागुलाकची मुलगी उलुखा त्यांतच होती. तो रोज मला समुद्रात लोटी. मला ना वाळायला उसंत, ना तेलाचा थेंब. माझी शिवण उसवू लागली.

दिवसा मुलींना शिंपले वेचायला सोडत. एका धुकट सकाळी चागुलाकने उलुखाला माझ्या पोटात आडवे निजवले. तेवढ्यात व्यापाऱ्यांचा मुकादम प्रोखोर आला आणि त्याने माझ्यावर पाय ठेवला.

"होडी आज खोल बसलीय रे!"

"कातडं भिजलंय, मालक. वाळवायला सवड कुठं देता?"

"आधी स्वतःचं पोट बघ," निरोप द्यायला आलेली अनिगा म्हणाली. "तू बसलास तर तुझं जहाजही बुडेल!"

प्रोखोर खो खो हसला. "आणि पोरगी कुठंय, म्हातारे?"

"खडकामागं शिंपले वेचतेय. हाक मारू?"

"राहू दे. संध्याकाळी आणून सोड."

आम्ही निघालो. अनिगा मागेच राहिली; माझ्यात आणखी जागा नव्हती.

भर समुद्रात आतून आवाज आला, "बाबा, पाठीखाली पाणी येतंय."

"शिदोरीतली चरबी कोंब तिथं. हात काढू नकोस, बाळा."

दिवसभर तो चिमुकला तळवा माझ्या फाटक्या शिवणीवर होता. तो निसटला असता तर? आजही त्या विचाराने माझा सांगाडा करकरतो. सूर्य कलताना नातलगांचे बेट लागले. उलुखाचे पाय सरळ होईनात. दोघा नातलगांनी तिला उचलून नेले.

अनिगाचे काय झाले, ते आम्हाला कधीच कळले नाही.

आता मी गवतावर पालथी असते. मुले माझ्यावर घसरगुंडी खेळतात. मित्रांनो, खुशाल खेळा. पण मला वाळवा, तेल लावा, टाके तपासा. काल क्षितिजावर एक शीड दिसले, आणि या बेटावरही लेकरे आहेत.