यानाकाठची दरड

पहिला फटका अर्कादी सेम्योनोविचच्या जबड्यावर बसला, तेव्हा मार्फा दरडीपाशी गुडघे टेकून शिंगराच्या मानेखालची माती सोडवत होती. ओंडक्यावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. तिने वळून पाहिलं. साहेब चिखलात आडवे पडले होते, चष्मा कुठेतरी उडाला होता, आणि त्यांच्या डोक्यावर वल्हं उगारून तिचा सख्खा धाकटा भाऊ उभा होता.

"एर्चिम! वल्हं खाली टाक आधी!"

"तू मध्ये पडू नकोस, ताई. या शहरवाल्याला मी नीट शब्दांत सांगून बघितलं. सुळा आमचा आहे. आम्ही आधी बघितला."

एर्चिमच्या मागे त्याचे दोन साथीदार होते, पोताप आणि स्तेपान. त्यांनी होडीतून पंप उतरवून काठावर आणलाही होता. सगळा उन्हाळा हे तिघे याना नदीच्या वरच्या वळणावर पाणी खेचून झोताने दरड कापत होते. गोठलेली माती लोण्यासारखी वितळायची आणि आतून मॅमथचे सुळे निघायचे. गावात अर्ध्या घरांच्या चुली त्यावर चालत होत्या, त्यामुळे कोणी त्यांना चोर म्हणत नव्हतं.

मार्फाची चूल मात्र दुसऱ्या बाजूची. हिवाळाभर ती याकुत्स्क शहरातल्या संशोधन संस्थेच्या तळघरात बसून हाडं साफ करायची आणि उन्हाळ्यात तिथले संशोधक अर्कादी सेम्योनोविच यांच्याबरोबर नदीवर यायची. या वर्षी दरडीतून एक शिंगरू डोकावलं होतं. हजारो वर्षांपूर्वी चिखलात रुतून मेलेलं, पण अंगावरची लव अजून तांबूस. त्याच्या पोटात गवत होतं, भोवतीच्या मातीत किड्यांचे पंख होते, आणि हातभर वर, त्याच थरात, मॅमथचा सुळा. इथलं गवताळ रान कसं मेलं आणि त्यावर जगणारे प्राणी कुठे गेले, ते सगळं या एका थरात सापडेल, असं साहेब म्हणत. मार्फाला इतकंच वाटे की हे पोर अखंड बाहेर यावं.

अर्कादी सेम्योनोविच कोपरावर उठले. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती.

"सुळा घेऊन जा बाबा," ते कसेबसे म्हणाले. "पण हाताने काढू. थरांची मापं होईपर्यंत थांब. पाणी मारू नकोस."

"थांबू? तोवर बर्फ पडेल. मग काय, बायकोला तुमचे थर शिजवायला सांगू?" एर्चिम हसला. "तुम्ही नेलं की विज्ञान आणि आम्ही नेलं की लूट, होय ना? नेऊन करता काय? कपाटात ठेवता!"

"एर्चिम, माझ्यासाठी थांब," मार्फा म्हणाली.

"तुझ्यासाठी? तू ताई, सख्ख्या भावापेक्षा मेलेल्या घोड्याला जास्त गोंजारतेस. पोताप, कर रे चालू!"

पोतापने मार्फाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि दोरी ओढली. पंप धडधडला. पाण्याचा झोत सुळ्याखाली बसला तशी माती उसळली, मार्फाच्या तोंडावर, छातीवर. शिंगराचा पुढचा एक पाय खांद्यापासून सुटला आणि लाल पाण्याबरोबर घरंगळत नदीत गेला. इतकी वर्षं गोठलेलं रक्त अजून लाल होतं.

मार्फा तंबूत गेली. अस्वलासाठी ठेवलेली बंदूक घेऊन बाहेर आली. लहानपणापासून ती बापाबरोबर बदकं मारायची. नेम तिला शिकवावा लागत नव्हता. पहिली गोळी इंजिनात घुसली. दुसरीने टाकी फुटली. पंप एकदा खोकल्यासारखा झाला आणि थंडावला. एकदम नदीचा आणि डासांचा आवाज ऐकू यायला लागला.

एर्चिमने वल्हं टाकलं. चालत आला, तिच्या हातातली बंदूक हिसकावून पाण्यात भिरकावली आणि मूठ आवळून तिच्या तोंडावर मारली. ती पडली. पडल्यावर त्याने बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. आई गेल्यावर याच पोराला तिने पाठीवर बांधून गायी राखल्या होत्या. ती ओरडली नाही. पोतापने त्याला मागून कवेत धरून ओढलं.

"सोड मला! हिने माझा हात तोडला असता तर परवडलं असतं!" एर्चिमचा आवाज फाटला. "ऐकतेस ना? आजपासून तू मला मेलीस."

"मेले तर मेले," मार्फा रक्त थुंकत म्हणाली. थुंकीबरोबर दातही पडला.

दुसऱ्या दिवशी अर्कादी सेम्योनोविचनी मफलरने जबडा बांधला आणि होडीने तालुक्याला जाऊन तक्रार द्यायची तयारी केली. मार्फाने त्यांच्या हातातून पेट्रोलचा डबा काढून घेतला.

"उद्या जा. आज त्याचा राग उतरू दे. उतरला की तो स्वतः येईल. लहानपणापासून तसाच आहे."

आला तो पोताप. काठाने धावत, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतत, टोपी नाही, तोंड पांढरंफटक.

"ताई! भुयाराचं छत बसलं! एर्चिम आत आहे!"

पंप गेल्यावर रिकाम्या हाताने घरी जाणं एर्चिमला जमलं नव्हतं. वरच्या वळणावर त्यांनीच पंपाच्या पाण्याने कोरलेलं जुनं भुयार होतं, उन्हाळ्याच्या उबेने आतून पाझरत असलेलं. त्यात पहारी घेऊन ते शिरले होते. स्तेपान तोंडाशी बसून खांदा धरून विव्हळत होता. हात भलतीकडेच वळला होता. आत काळोखात चिखल, बर्फाचे तुकडे आणि कुजक्या मुळांचा ढीग छतापर्यंत भरला होता. मॅमथच्या काळचा कुजका वास नाकात शिरत होता.

"पंप असता तर घटकेत धुऊन..." पोताप बोलला आणि जीभ चावून गप्प झाला.

मार्फाने ऐकलं. ती आत शिरली आणि हातांनी उपसायला लागली. पोतापने पहार घातली, अर्कादी सेम्योनोविचनी फावडं. जितकं काढावं तितकं वरून येत होतं. थोड्या वेळाने ढिगातून आवाज आला, जणू शेजारच्या खोलीतून.

"कोण आहे?"

"मी."

"साहेबांची बाई?"

"तुझी बहीण, मेल्या!"

तो आत कण्हला. मग म्हणाला, "ताई, दात पडला का गं तुझा?"

"एकच. गप्प बस, श्वास वाचव."

"माझे पाय कुठे आहेत ते कळत नाही. गारही लागत नाही आता."

"येतेय मी. हात हलवता येतो का?"

"एक येतो. सुळ्यावर आहे. इथेही आहे गं एक, माझ्या छातीवरच पडलाय. मोठा आहे." त्याला हसू आलं असावं, खोकला आला. "तुयाराला सांग, मोठा सापडला होता."

"तूच सांग. तुझ्या बायकोला मी निरोप द्यायचे का?"

तिची नखं उलटली होती. बर्फाच्या धारेने तळहात चिरला होता, आणि रक्त कोणाचं, माती कोणती, कळत नव्हतं. अर्कादी सेम्योनोविचच्या मफलरमधून लाळ आणि रक्त गळत होतं, तरी ते फावडं थांबवत नव्हते. तेवढ्यात वर कुठेतरी कड्कन आवाज झाला. पोतापने दोघांना मानगुटीला धरून मागे खेचलं, आणि ते बसले होते तिथे पुन्हा दरड कोसळली.

"एर्चिम!"

उत्तर आलं नाही.

पोताप पहार टाकून भिंतीशी बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. मार्फा पुन्हा पुढे सरकली. आता मात्र तिचे हात घाई करत नव्हते. चिखल ओंजळीने उचलून ती बाजूला ठेवत होती, ढेकूळ फोडायच्या आधी चाचपत होती. केस दिसले तेव्हा ती थांबली, श्वास घेतला, आणि पुढे कामाला लागली.

त्याला होडीत घालून ते गावाकडे निघाले. तंबू तसेच राहिले, शिंगरावर ताडपत्रीसुद्धा कोणी टाकली नाही. त्या रात्री पाऊस झाला. पुढे अर्कादी सेम्योनोविच सामान आणायला गेले, तेव्हा तिथली दरड नदीत गेली होती, शिंगरासकट आणि सुळ्यासकट.

धक्क्याला होडी लागताना पोताप तिच्या कानाशी वाकला. "मी आणि स्तेपानने ठरवलंय. पंप आपोआप बिघडला असं सांगायचं. तूही तेच म्हण. तालुक्याला काय कळतंय?"

मार्फाने दोर उचलला आणि होडी खुंट्याला बांधली.

घरात एर्चिमला लांब बाकावर ठेवलं होतं. बायका भिंतीला लागून उभ्या, पुरुष दारात. तुयारा चुलीपाशी उभी होती. ती अजून रडली नव्हती. तिने मार्फाकडे नीट पाहिलं.

"तुझ्या तोंडाला काय झालं?"

"त्याने मारलं."

"एर्चिमने? तुला?" तुयाराचा विश्वास बसेना. "त्याने आयुष्यात तुझ्यापुढे आवाज चढवला नाही. का मारलं?"

पोताप दारातून घाईने म्हणाला, "वहिनी, आता कशाला ते..."

"मी त्याचा पंप फोडला," मार्फा म्हणाली. "बंदुकीने. म्हणून तो पहार घेऊन आत गेला. आणि पंप असता तर आम्ही त्याला जिवंत काढलं असतं."

तुयाराने चुलीतली लोखंडी सळई उचलली आणि मार्फाच्या हातावर हाणली. मग खांद्यावर, मग पाठीत. सळईचं टोक तापलेलं होतं. कापड जळल्याचा वास सुटला. पोताप पुढे झाला तशी मार्फा म्हणाली, "राहू दे. मध्ये येऊ नकोस." तिने तोंड झाकलं नाही, की हात वर केला नाही. तुयारा मारत राहिली, तोंडाने एकच शब्द, "घोड्यासाठी! घोड्यासाठी!" शेवटी तिचा हातच थकला. सळई जमिनीवर पडली, आणि ती बाकाच्या कडेला बसून धापा टाकत राहिली.

मग तिने मनगटाने नाक पुसलं.

"बाकीचे बाहेर जा," ती म्हणाली.

माणसं निघाली. मार्फाही दाराकडे वळली.

"तू कुठे चाललीस? त्याचा सदरा अंगाला चिकटलाय. माझ्या एकटीने निघत नाही." तुयाराने तिच्याकडे न बघता बाही धरली. "मी ओढते. तू खांदा उचल."

मार्फाचा डावा हात वर होत नव्हता. तिने बाकाशी गुडघा टेकला, उजवा हात भावाच्या मानेखाली घातला आणि त्याला उचलून धरलं.