बांधलेली शिट्टी

"काका, हात नका लावू हां. पाहुणे आले की मगच सुरू करायचंय," उत्तम म्हणाला.

परशुराम हात लावणारच नव्हता. बंबापासून वीतभर अंतरावर तळवा धरून तो नुसती धग बघत होता. डोंबिवलीतल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता, गेल्याच वर्षी रिटायर झाला होता. तळव्याला कळलं, बंब नको तितका तापला होता.

बंब आंघोळीचं पाणी तापवायचाच, पितळी, चिंच लावून लख्ख घासलेला. पण उत्तमच्या मंडळींनी त्याचं झाकण झाळून कायमचं बंद केलं होतं. वर प्रेशर कुकरची शिट्टी बसवली होती. बाजूला एक नळी होती, नळीला कॉक, आणि कॉकपुढे सायकलचं चाक. कॉक उघडला की वाफेने चाक फिरणार आणि पत्र्याचा एक भला मोठा पक्षी पंख हलवणार, असा बेत होता.

उत्तम कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. वाचनालयात त्याने वाचकांचं एक मंडळ काढलं होतं आणि आज तिथल्याच हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. दारात येईल त्याला तो उत्साहाने सांगत होता, "याला स्टीमपंक म्हणतात. समजा, वीज आलीच नाही. पेट्रोलपण नाही. सगळं जग वाफेवरच पुढे गेलं. मग आपलं ठाणं कसं असेल? खाडीवरून वाफेची विमानं उडतायत, कल्याणला पितळेचा कॉम्प्युटर खडखड करतोय! अशा गोष्टी लिहायच्या, वाचायच्या, आणि तसे कपडे घालून मिरवायचं." मंडळींनी वेल्डरच्या गॉगलना पितळी कड्या लावल्या होत्या, आजोबांचे काळे कोट ट्रंकेतून काढले होते. दोघातिघांना त्या कोटांत घाम फुटला होता, पण हौसेला मोल नसतं.

परशुरामची मुलगी मंजुळा नऊवारी नेसून कपाळावर गॉगल चढवून हिंडत होती. पंचवीस वर्षांची, टेलिफोन खात्यात नोकरीला. तिने स्वतः एक कथा लिहिली होती, ती आज वाचणार होती. "माझा हिरो तुमच्यावरूनच घेतलाय, बाबा. बॉयलरवाला. कशाला म्हणजे कशालाच घाबरत नाही," असं तिने घरी सांगितलं होतं. त्याला जुना खाकी ड्रेस घालून यायला लावलं, तेही तिनेच.

कशालाच घाबरत नाही! परशुराम त्यावर नुसता हसला होता. चौऱ्याऐंशी साली त्याचा मित्र नाथा आंबिवलीकडच्या एका लहानशा कारखान्यात बॉयलर फुटून गेला. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा वाफ सोडतो म्हणून नाथाने त्यावर वजन टांगलं होतं. ओळख पटवायला परशुरामला नेलं, त्याने नाथाला पायातल्या चपलेवरून ओळखलं. घरी येऊन एवढंच बोलला, "नाथाला अपघात झाला." त्यानंतर रोज पाळीवर जाताना त्याचे पाय जड व्हायचे. बायकोला कधी बोलला नाही, पोरीला तर नाहीच.

आता त्याने मान वर करून शिट्टीकडे पाहिलं. शिट्टी तारेने आवळून बांधलेली होती.

"ही तार कशाला?"

"अहो, मघापासून सारखी वाजत होती. पाहुण्यांची गाडी कल्याणला अडकलीय, त्यांच्यासमोर वाजायला नको का? म्हणून बांधून ठेवली."

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास असेल."

"आणि हा दाबाचा काटा? शून्यावर कसा?"

"तो शोभेचा. भंगारातून आणलाय."

परशुरामने झाकणाकडे पाहिलं. झाकण मधून फुगलं होतं. सांध्यातून पाण्याचा एक बारीक थेंब बाहेर येत होता आणि चर्र करून विरत होता. हॉलमध्ये साठेक माणसं होती, पुढच्या रांगेत तर लेकुरवाळ्या बायका.

"बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा!" तो ओरडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाकी ड्रेसमधला म्हातारा, आवाजही खणखणीत. नाटुकलं सुरू झालं असंच त्यांना वाटलं.

मंजुळाने मात्र बापाचा चेहरा पाहिला. असा चेहरा तिने जन्मात पाहिला नव्हता. पदर खोचून ती खुर्च्यांमधून धावली. "हे नाटक नाहीये! उठा! ताई, पोराला उचला आधी!" तिने दोघातिघांना दंडाला धरून ढकललं, तशी गर्दी दाराकडे लोटली.

परशुरामने टेबलावरची सत्काराची शाल हाताला गुंडाळली आणि गुडघ्यांवर बसला. आधी आग काढायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. वाफ एकदम सोडली तर आतलं पाणी उसळतं आणि बंब फुटू शकतो. बंब त्याच्या नाकापासून हातभर होता, गुणगुणत होता. त्याने खालची जाळी ओढली. निखारे फरशीवर सांडले. ते एका पत्र्याने लोटत लोटत त्याने दूर कोपऱ्यात नेले. शाल जळाली, बोटं पोळली. मागे वळून बघतो तर मंजुळा भिंतीला टेकून उभी.

"तू जा, मंजू."

"बाबा, ती तार मी बांधली." ती शिट्टीकडे वळली. "काढू का?"

"नको! हात लावू नकोस. निवू दे."

"मग तुम्हीपण चला."

"पाय उचलत नाहीयेत गं," परशुराम म्हणाला. "मला भीती वाटते. इतकी वर्षं रोज वाटायची."

तिने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला ओढत बाहेर व्हरांड्यात आणून बसवलं. परशुरामने अर्धा तास कुणाला आत जाऊ दिलं नाही. झाकण हळूहळू खाली बसलं. सांध्यातला थेंब थांबला.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. कोट सावरले गेले, हार पुढे झाले, व्हरांड्यातले सगळे उठून उभे राहिले. परशुराम बसूनच होता. उत्तम घाईने वाकून कुजबुजला, "काका, उठा ना जरा. पाहुणे आलेत."

"बाबांना बसू दे," मंजुळा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्यांचे पाय अजून थरथरतायत."

आणि नऊवारीचा काष्टा सावरत ती बापाशेजारी जमिनीवर बसली.